झोपलेल्या बाळाचं पान

पुस्तक माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, एका दुपट्यात गुंडाळलेलं सापडलं. वैदेही शिडीवरच बसली. बदक, कोंबडी, चुलीपाशी पेंगणारी मांजर, सगळी आपापल्या पानावर होती. शेवटच्या पानावर मात्र चौकोनी भोक. मुठी आवळून झोपलेलं बाळ तिथून कात्रीनं कापून नेलेलं.

नेलं होतं शेजारच्या सोनियानं. पाच वर्षांच्या वैदेहीनं तेव्हा अख्ख्या आळीत तिला चोर म्हटलं होतं. सोनिया पुन्हा खेळायला आली नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. आईला साफसफाईत हातभार लावायला वैदेही पुण्याहून भोरला आली होती. आई भोंगवलीला, माहेरी, बारशाला गेलेली. ती संधी साधून वैदेहीनं सकाळीच देवघर आवरलं आणि विटलेल्या तसबिरी भाटघर धरणाच्या पाण्यात सोडून आली. त्यातला आईचा चौकटीतला बाळदेव तर हळदीकुंकवानं पार झाकून गेला होता. त्याच्या जागी तिनं नवा कोरा, लोणी खाणारा बाळकृष्ण ठेवला. आई खूश होणार, याची तिला खात्री होती.

दुपारी रतनबाई परतल्या. वैदेहीनं पाणी दिलं आणि पुस्तक पुढं केलं.

"आई, बघ काय सापडलं. सोनियानं वाट लावली होती ना, ते."

रतनबाईंनी शेवटचं पान उघडलं. बराच वेळ त्या भोकावरून बोट फिरवत राहिल्या.

"सोनियानं न्हाई. म्या कापलं."

"तू? आणि मी तिला..."

"तवा माजं तोंडच उगडलं न्हाई. तिच्या आईपुढनं आजून मान खाली घालून जाते."

वैदेहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालच स्टँडवर सोनिया ओळखीचं हसली होती आणि तिनं तोंड फिरवलं होतं.

"मी आत्ता जाते, माफी मागते तिची. पण कापलंस कशाला?"

"तुज्या पाठचा. माहेरी झाला, बारशाआदीच गेला. तुला कळूच दिलं न्हाई. ना नाव, ना फोटू. ह्ये चित्रातलं बाळ लई त्याच्यावानी दिसायचं."

रतनबाईंनी पदराची गाठ सोडली, बारशाच्या घुगऱ्या ओंजळीत घेतल्या आणि त्या देवघराकडे वळल्या.

"थांब, पैल्या माज्या बाळदेवाला दावते."