मठातली लेक

संत फ्रान्सिसचा जुना, कडक नियम पाळणाऱ्या सिस्टरांच्या मठात राहायचं म्हणून फिलोमिना सकाळीच बिडकीनहून निघाली. आत गेलेली मुलगी जन्मभर बाहेर येत नसे. फिलोमिनाची आई चतुराबाई तिच्यामागं औरंगाबादला मठात धावली. आतल्या सिस्टरांशी बोलण्यासाठी असलेल्या, काळा पडदा लावलेल्या जाळीसमोर बसून रडली, "घरी चल गं, बाई!"

"नाय, आई. मी इथंच राहणार," आतून लेक म्हणाली.

चतुराबाई एकटीच परतली. घरात फिलोमिना बसली होती.

"आई, मला लई भेव वाटलं. मी स्टँडवरूनच माघारी आले."

चतुराबाईनं मठातलं सगळं सांगितलं.

"आवाज माझाच व्हता?"

"तुझाच."

फिलोमिना पदर सावरून उठली.

"तिला एकटीला तिथं कशी सोडू, आई?"