चार नंबरचा नमुना

"शालनबाईंचा नमुना पुन्हा तपासा," यज्ञेश्वर म्हणाले.

"तीनदा तपासला, काका," प्रयोगशाळेतल्या डॉक्टर वल्लरी म्हणाल्या. "त्यात काही नाही."

"आत्ताच म्हणालात, जंतू आहेत."

"जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात. तुमच्या, माझ्या. बहुतेक गरीब असतात. खातात आणि पडून राहतात. माणूस मारायला जे हत्यार लागतं, ते त्यांच्याकडे नसतं."

टेबलावर शौचाच्या चार नमुन्यांची यादी होती. एक नंबर आनंदी, यज्ञेश्वरांची पत्नी. तिला जाऊन बावीस दिवस झाले होते. रक्ताचे जुलाब, चार दिवस रुग्णालय आणि संपलं. दोन नंबर शालन, त्यांच्याच गल्लीत डबे करणारी बाई. तीन नंबर तिच्या हाताखालची मुक्ताई. चार नंबर ते स्वतः. घरातल्या माणसाचा नमुना घ्यावाच लागतो म्हणाले, म्हणून त्यांनी कुरकुरत दिला होता.

आनंदीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यामुळे दुपारचा डबा लावला होता. यज्ञेश्वर बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात कामाला. ते तिकडेच जेवत. डबा ती एकटीच खायची आणि आजारी ती एकटीच पडली. यात शोधायचं काय होतं? तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून ते तडक तक्रार द्यायला गेले. शालनचं स्वयंपाकघर बंद झालं. येता-जाता ते बंद दार बघत. ते उघडू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

"काकूंना झालं ते शिगेला नावाच्या जंतूने," वल्लरी सांगू लागल्या. "कॉलरा व्हायला लाखो जंतू पोटात जावे लागतात. याचे दहा-वीससुद्धा पुरतात. पोटातलं आम्लही याला मारत नाही. हा आतड्याच्या पेशीत शिरतो आणि तिथून भिंत ढकलून शेजारच्या पेशीत जातो. बाहेर येतच नाही. जुन्या पेठेत गच्चीवरून गच्चीवर जातात ना, तसा."

"दहा-वीस म्हणजे बोटावरसुद्धा मावतील."

"बोटावरूनच जातो तो."

"मग हा हत्यारवाला कोणाकडे सापडला? नाव सांगा. कोणी का असेना, मी सोडणार नाही."

वल्लरींनी यादी जवळ ओढली. मग विचारलं, "काका, काकू आजारी पडायच्या आधी तुमचं पोट बिघडलं होतं?"

"दोन दिवस. ताक-भात खाल्ला आणि दुकानात गेलो. त्याचा इथे काय संबंध?"

"त्यानंतर काकूंना हाताने काही कालवून, कुस्करून दिलं होतं?"

यज्ञेश्वरांना शिकरण आठवली. त्या सोमवारी दुकानात जाण्याआधी त्यांनी शिकरण केली होती. आयुष्यात पहिल्यांदा. तिला आवडायची, आणि तिला हात चालवता येत नव्हता. केळी हातानेच कुस्करली, कारण ती तशीच कुस्करायची. वाटी झाकून ओट्यावर ठेवली आणि ते निघाले. मंगळवारी रात्री तिला ताप भरला.

वल्लरींनी कागद त्यांच्याकडे फिरवला. एक आणि चार, या दोनच नंबरांपुढे सारखा शेरा होता.

"जंतू तोच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही निभावून गेलात. काकूंची तब्येत आधीच तोळामासा. यात तुमचा गुन्हा नाही, काका."

"ते मी बघतो. एक कोरा कागद द्या."

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली आणि थेट शालनच्या दारात गेले.

"हे दारावर लावा," ते म्हणाले. "गल्लीने वाचलं पाहिजे."

शालनने वाचलं. 'माझी पत्नी शालनबाईंच्या डब्याने गेली नाही. आजार माझ्या हातून तिच्याकडे गेला.'

"अक्षर छान आहे," ती म्हणाली. "पण यात मला नवीन काही नाही."

"म्हणजे?"

"त्या सोमवारचा डबा काकूंनी तसाच परत पाठवला होता. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. फोनवर म्हणाल्या, 'शालन, आज यांनी शिकरण केलीय गं! हाताने! वाटी चाटूनपुसून खाल्ली बघ. आता पोटात जागा नाही.' मंगळवारी तर माझी सुट्टीच होती. त्या दोन दिवसांत काकूंच्या पोटात माझ्याकडचं काही गेलंच नव्हतं."

यज्ञेश्वरांचा आवाज चढला.

"आणि तुम्ही गप्प बसलात? तीन आठवडे चूल बंद ठेवून? लोक तोंडावर काय काय बोलले तुम्हाला. मी बोललो."

"तुम्ही तर सगळ्यांत जास्त."

"मग सांगितलं का नाहीत?"

शालनने कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"तुम्ही तक्रार केलीत तेव्हा तेरावासुद्धा व्हायचा होता, काका. हे दिवस तुम्हाला भांडायला कुणीतरी हवं होतं."