निरीक्षकबाईंची सही

"माझ्या गुडघ्यांचा जीव घेणार तुम्ही, दाजी," पाचव्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून मेहुणा कुरकुरला.

लिफ्ट कंपनीच्या मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जिना चढला की भूक चांगली लागते, असं ते खाली म्हणाले होते. तिसऱ्या मजल्यावर म्हणाले, चौघांना ती लिफ्ट कोंदटच व्हायची. पाचव्यावर काही म्हणण्याइतका दम उरला नव्हता. पुढे मेकॅनिकबाई हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चढत होती, मागे फोटोग्राफर. तळमजल्यावर लिफ्ट दार उघडं टाकून, आत दिवा लावून उभी होती. आठ माणसांची पाटी होती तिच्यात.

गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत पोचल्यावर मालकांनी घाम पुसला आणि बाईला 'ताई' म्हटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. एरवी ती 'अगं ए' होती. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून जुनं ग्रीस खरवडायला गडी तयार होईनात, की हिला पाठवायचं. निरीक्षकाची परीक्षा ती गेल्या वर्षीच पास झाली होती, पण ते ऑफिसात कोणाच्या लक्षात नव्हतं. गेल्या महिन्यात जुने निरीक्षक याच लिफ्टच्या कागदावर सही न करता नोकरी सोडून घरी बसले, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं.

आता कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाच्या पुस्तिकेवर तिचा फोटो येणार होता. खाली ओळ, 'आमच्या पहिल्या महिला निरीक्षक'. स्वतंत्र खोली, दारावर पाटी. पाटी तर तयारच होती, मेहुण्याच्या बॅगेत. फोटो झाला की लिफ्ट ठणठणीत असल्याची एक सही, आणि उद्यापासून सहाव्या मजल्यावरच्या हाडांच्या दवाखान्यात म्हातारी माणसं लिफ्टनं जाणार.

मेहुण्यानं तिच्या डोक्यावर नवं कोरं पिवळं हेल्मेट ठेवलं. किमतीची चिठ्ठी कानाशी लोंबत होती. हातात एक भला थोरला पाना दिला. हा नळ दुरुस्त करणाऱ्यांचा पाना आहे, असं बाईनं सांगितलं.

"फोटोत कोणाला कळतंय, ताई. जरा आत्मविश्वास दाखवा. हनुवटी वर."

तिनं पाना खाली ठेवला. मेन स्विच पाडला, पिशवीतून सुती चिंधी काढली आणि चाकावरच्या पोलादी दोरावरून हातभर ओढली. दोराला ताजं ग्रीस थापलेलं होतं, दिसायला झकास. चिंधी दोनदा अडकली, तिसऱ्यांदा फाटली. तुटलेल्या तारांची टोकं ग्रीसमधून वर आली होती. तिनं ती चिंधी सहीच्या कागदावर ठेवली.

मेहुण्यानं दोन बोटांनी ती उचलून कोपऱ्यात टाकली. फोटोत घाण दिसते, म्हणाला.

मग मालक बोलले, बराच वेळ. दोर बदलायचा तर आठ दिवस लिफ्ट बंद, आणि दवाखान्याचं उद्घाटन उद्यावर आलेलं. हा दोर अजून वर्षभर कुठं जात नाही. बायकांनी आता पुढं आलं पाहिजे, निर्णय घेतले पाहिजेत, घाबरून कसं चालेल. आमच्या घरातल्या बायकांना अशी संधी कधी मिळाली नाही, असंही म्हणाले. ती कोणी दिली नाही, हे तेवढं राहून गेलं. शेवटी त्यांनी हळूच सुचवलं, की ताईंना जमणार नसेल तर पाटीवरचं नाव काय, बदलता येतं.

बाईनं पेन उघडलं. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"करते सही," ती म्हणाली. "आधी तुम्ही दोघं एकदा लिफ्टनं खाली जाऊन वर या. आलात की करते."

तिनं मेन स्विच वर केला आणि पॅनेलवरचं बटण दाबलं. चाक घुमायला लागलं. थोड्या वेळानं खालून, सातव्या मजल्यावरून, लिफ्ट येऊन थांबल्याची घंटी ऐकू आली. दार सरकल्याचा आवाज आला.

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा कोपऱ्यातल्या चिंधीकडे पाहत होता. मग तो हळूच खाली बसला. आधी डावा गुडघा चोळला, मग उजवा.

"दाजी," तो म्हणाला, "मी आपला जिन्यानंच उतरतो."