फौजीचं पुस्तक

"आता फौजींचे नातू दोन शब्द बोलतील," असं म्हणून गजा सरपंचाने माईक जितेशच्या हातात कोंबला.

जितेश उभा राहिला. मांडवात दोनेकशे माणसं होती. कोंडाण्यापासून दहिवलीपर्यंतचे सोयरे आजोबांच्या तेराव्याला आले होते. पाठीमागे मोठा बॅनर होता. त्यावर सहदेव आजोबांचा चेहरा कुणाच्या तरी वर्दीतल्या अंगावर बसवलेला, हातात मशीनगन. ती बोटंही आजोबांची नव्हती.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या सहदेव फौजीने एकट्याने सात शत्रू लोळवले, असं गजा आत्ताच सांगून चुकला होता. जितेशच्या लहानपणी ते पाच होते.

त्याच्या खिशात फौजेतून सुटताना आजोबांना मिळालेलं, त्यांच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी ते पेटीतून काढायला लावलं होतं. "माज्या तेराव्याला वाचून दाखव रं. मेल्यावर तरी मला खोट्यातनं सोडव." जितेशने मान हलवली होती. रसायनीच्या कारखान्यात तो नमुने तपासायचा. दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तरी पुष्कळ.

पहिल्या रांगेत आजी बसली होती. अंबाबाईला पन्नास वर्षं सगळं गाव फौजीण म्हणत आलं होतं. भांडणं तिच्या ओट्यावर मिटायची. पुस्तक वाचलं तर तिचा तो मान जाणार. नाही वाचलं तर आजोबा त्या बॅनरमध्येच अडकून राहणार.

त्याने निसटायला वाट शोधली. मांडवाची कनात तिन्ही बाजूंनी बांधलेली होती आणि चौथ्या बाजूला पंगतीचे पाट रचून वाट बंद केली होती.

"बोल की रं," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याने पुस्तक उघडलं. "आजोबांनी हे वाचायला सांगितलंय. हुद्दा शिपाई. काम..." आजीकडे बघायचा धीर त्याला झाला नाही. "काम, स्वयंपाकी. लढाईत ते भटारखान्यात होते. चपात्या करायचे. त्यांनी कुणाला मारलं नाही. एकालाही नाही."

वाढपी आमटीची बादली धरून तसाच उभा राहिला.

मग गजाने टाळी वाजवली. माईक काढून घेतला. "ऐकलंत? याला म्हनतात फौजी! मेल्यावर पन मोठेपना नको! आनि कागदाचं काय सांगताव? गुप्त कामगिरीवरचा मानूस. त्याचं काम कागदावर खरं लिवतील व्हय?"

"आमाला तवाच वाटलं हुतं," म्हातारा बुधाजी म्हणाला. "उगाच नाय एवडं कमी बोलायचा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वेशीवर सहदेव फौजींच्या नावाची कमान बांधायचं गजाने तिथल्या तिथे जाहीर केलं. कमानीवर सात तलवारी. "अहो, नाही, ऐका," जितेश म्हणत होता. पण त्याच्या हातात माईक नव्हता. तीन-चार जणांनी येऊन त्याची पाठ थोपटली.

तो आजीशेजारी येऊन बसला. "आजी, पुस्तकात आहे तेच वाचलं मी."

"मला ठाव हाय."

"तुला कसं?"

"लगीन झालं तवा मी तापानं पडले हुते. ह्ये सवता चुलीपाशी बसले आनि घटकाभरात वीस चपात्या केल्या त्यांनी. एकीवर एक ठिवल्या तर एकच दिसंल अशा. बंदूकवाल्याचं हात आसं असतात व्हय?"

"मग तू कुणाला बोलली का नाहीस?"

"त्ये सवताच बोलले हुते. चावडीवर, सगळ्यांम्होरं. हासले सगळे, अशाच टाळ्या वाजवल्या." आजीने पदराने तोंड पुसलं. "घरी येऊन मला म्हनले, तू तरी सांग समद्यांना. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या की. मला फौजीन म्हनायचे ना सगळे. बरं वाटायचं. त्या दिसापासनं पिठाला हात लावला नाय त्यांनी."

पंगत बसायला लागली होती. बॅनरखाली आजोबांच्या नावाचं पान वाढून ठेवलं होतं. आचाऱ्याच्या पुऱ्यांच्या बाजूला आजीने सकाळी स्वतः केलेली एक चपाती होती. एकीकडे जाड, एकीकडे करपलेली.

"पन्नास वर्सं असल्याच खाल्ल्या," आजी त्या पानाकडे बघत म्हणाली. "एक डाव पन बोलले नाय."