खांद्यावरचं फडकं

सोनाळ्याच्या आमच्या घरात माणसं नऊ अन् कम्प्युटर एक. त्याच्यावरचं फडकं मी शिवलेलं, नियमही माझाच: उठणाऱ्यानं ते पुढचा नंबर ज्याचा, त्याच्या खांद्यावर टाकायचं.

माझ्या खांद्यावर ते कधी आलं नाही. "तुले काय समजते वं त्यातलं?" आमचे हे म्हणत. दुपारी चारचा नंबर त्यांचा; पत्ते खेळत बसत.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. कम्प्युटरची वायरसुद्धा काढून ठेवलेली.

काल चारला घरात मी एकटीच, पाठमोरी तूर निवडत होते. मागं खुर्ची कुरकुरली. फडकं अलगद माझ्या खांद्यावर पडलं.

"इतक्या वर्षांनी सुचलं का तुमाले?" म्हणत मी वळले.

खुर्ची माझ्यासाठी मागं सरकवलेली होती, अन् पडद्यावर उजेड होता.