दरीपलीकडचं उत्तर

“उत्तर आलं!” टिटवी ओरडली, आणि मॅडमनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

वर्गात बडबड थांबत नाही म्हणून मुलांनी तिचं नाव टिटवी पाडलं होतं. आता मात्र ती श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. अभ्याससहलीला आलेला अख्खा वर्ग दरीच्या काठावर जागच्या जागी थिजला. एकाने तोंडातलं बिस्किट चावायचंही धाडस केलं नाही. पलीकडच्या झाडीतून पुन्हा शीळ आली. दोन लांब सूर आणि शेवटी एक छोटीशी गिरकी.

अशी शीळ घालणारा राखाडी पक्षी मॅडमनी स्वतः कॉलेजात शिकताना ऐकला होता. तेव्हा त्यांनी टेप केलेली शीळ हाच त्याचा जगात जपलेला एकुलता एक आवाज, आणि आता सगळ्या कॉलेजांत शिकवताना तोच वाजवतात. त्यानंतर तो पक्षी कुणाला दिसला नाही की ऐकू आला नाही. या खेपेलाही हाती काही लागलं नाही, तर त्याच्या नावापुढे ‘नामशेष’ असा शेरा पडणार होता, आणि त्या शेऱ्याखाली सही मॅडमना करावी लागणार होती. म्हणून पहाटेपासून त्या स्पीकरवर तीच शीळ वाजवत होत्या. पद्धतच आहे ती. पक्षी असलाच, तर आपल्या हद्दीत हा कोण उपटसुंभ आला, म्हणून चिडून ओरडतो.

बाकीची मुलं केव्हाच कंटाळली होती. टिटवीला मात्र धास्ती वाटत होती. ‘नामशेष’ हा शब्द तिने परीक्षेपुरता घोकला होता. इथे बसल्यावर तिला त्याचा अर्थ कळला. हाक मारत राहायचं, आणि कुणीच ओ द्यायची नाही.

आणि आता ओ आली होती.

“पुन्हा वाजव,” मॅडम कुजबुजल्या. टिटवीने बटण दाबलं. शीळ संपते न संपते तोच पलीकडून उत्तर आलं, या वेळी आणखी जवळून.

“अगदी तोच सूर गं! इतक्या वर्षांत जराही बदलला नाही!” मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पोरांना नापास करताना जिची पापणी हलत नसे, ती बाई सगळ्यांदेखत रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

पण नुसतं ऐकून भागणार नव्हतं. फोटो हवा होता. मॅडमनी कॅमेरा टिटवीच्या गळ्यात अडकवला. “तू जा. पाय वाजवू नकोस. मी इथून वाजवत राहते, म्हणजे तो हलायचा नाही.”

टिटवी दरीत उतरली, कोरडा ओढा ओलांडून पलीकडे चढली. काट्यांनी हात ओरबाडले, ओढणी फाटली, तिचं लक्षही गेलं नाही. आनंद पोटात मावत नव्हता. शीळ आता अगदी समोरच्या झुडपामागून येत होती. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि हलकेच फांदी बाजूला केली.

झुडपामागे तिच्याच वयाचा एक मुलगा उकिडवा बसला होता. अंगात दुसऱ्याच कॉलेजचा टी-शर्ट, पुढ्यात दगडावर स्पीकर. तिला पाहताच त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“शू! खाली बस, उडून जाईल,” तो कुजबुजला. “सापडला तो! आम्ही वाजवलं की तुमच्या बाजूने उत्तर देतोय.”

टिटवीने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. दरीपलीकडून मॅडमनी पुन्हा शीळ वाजवली. त्या मुलाने घाईघाईने बटण दाबून त्या शिळेला उत्तर दिलं, आणि तो आनंदाने रडायला लागला.