क्षितिजचं वजन

काट्यावर ठेवल्याबरोबर क्षितिजने पाय झाडायला सुरुवात केली, त्यामुळे आकडा स्थिरावायला वेळ लागला. सात किलो नऊशे. डॉक्टरबाईंनी तक्त्यावर टिंब दिलं. दोन महिन्यांपूर्वी आडवी पडलेली रेघ आता चांगली वर चढली होती.

नयनाने तक्त्याचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. बाळाला चमच्याने काही भरवायचं नाही, असं तिने सहाव्या महिन्यातच ठरवलं होतं. उकडलेलं गाजर, केळं, इडलीचा तुकडा पुढ्यात ठेवायचा. तो हाताने उचलून खाईल तेवढं खरं. निम्मं जमिनीवर जायचं. बाळ रोडावलं तसं घरचे बोलले, दारचे बोलले. ती बधली नव्हती.

"बघितलंस? वेळ दिला की मुलं आपलं आपण शिकतात," ती नवऱ्याला म्हणाली. उपेंद्रने मान हलवली.

यल्लव्वा क्षितिजच्या पायात मोजे चढवत होती. ती निपाणीकडची, बाळाच्या आधीपासून नयनाकडे कामाला. नयना आणि उपेंद्र कामावर गेले की सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बाळ तिच्याकडेच असायचं. डॉक्टरबाईंनी तिला कन्नडमध्ये विचारलं, हा दिवसभरात काय काय खातो?

यल्लव्वाने उपेंद्रकडे पाहिलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. नाचणीच्या पिठाची पुडी त्यानेच आणून तिच्या हातात दिली होती. "अक्का, पोरगं सुकत चाललंय. दुपारी दोन वाट्या पेज भरवत जा. नयनाला कळलं, तर मी आहे." त्या 'मी आहे'वर ती दोन महिने विसंबली होती. शिवाय लेकराच्या पोटात काय जातं, हे डॉक्टरपासून लपवणं तिला जमणारं नव्हतं. तिने खरं ते सांगितलं.

डॉक्टरबाई खूश झाल्या. नयनाला कन्नड येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं: चमच्याने पेज आणि बाकीचं हाताने, हे दोन्ही तुम्ही छान जमवलंत.

नयनाचा चेहरा उतरला. "कोण भरवत होतं पेज?"

"मीच चारत होतो, ताई," यल्लव्वा म्हणाली आणि थांबली. आता साहेब बोलतील.

उपेंद्रने मान वर केली. "यल्लव्वा, तू आम्हाला विचारायला हवं होतंस."

दोन वर्षांत त्याने तिला अक्काशिवाय हाक मारली नव्हती. पुडी तुम्हीच आणली, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तो इतक्या सहज बोलला की तिने नुसतं क्षितिजला उचलून छातीशी धरलं.

नयनाने तिच्याकडून बाळ काढून घेतलं. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाली. माझ्या घरात, माझ्या मुलाच्या बाबतीत, माझ्याच पाठीमागे, असं काहीतरी पुटपुटत तिने एका हाताने ग्रुपवरचा फोटो पुसला. मग कुणाकडेही न बघता ती गाडीत जाऊन बसली.

उपेंद्र जिन्यापर्यंत यल्लव्वाच्या मागे आला. आवाज खाली करून म्हणाला की नयनाचा राग उतरला की तो बोलावून घेईल, तिने मनाला लावून घेऊ नये. तरी तो हलेना. हातातला फोन उघडून उभा राहिला.

"अक्का, ती पेज कशी करायची, तेवढं सांगून जा."

खाली गाडीत क्षितिज रडत होता. त्याची खायची वेळ झाली होती.

"फडक्यातनं दोनदा गाळून घ्या," ती म्हणाली. "न्हाईतर त्याला ठसका लागतोय."